पंधरा हजारांच्या एआय पॅकेजचा मेसेज: एकेक दावा तपासू

सोलापूरच्या व्यापारी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. रेडिमेडवाल्यांच्या ग्रुपवर आहे, चादरवाल्यांच्या आहे, शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटांच्याही ग्रुपवर आहे. मजकूर थोडक्यात असा: ज्याच्याकडे एआय नाही त्याचं शटर दोन वर्षांत बंद होणार. फुकटातली साधनं म्हणजे खेळणी, धंद्याला पैसे भरूनच घ्यावी लागतात. मराठीत ती चालत नाहीत. एकदा एआय घेतलं की हिशेबनीस, फोटोग्राफर आणि फोन घेणारी मुलगी, कुणीच लागत नाही. म्हणून महिना पंधरा हजारांचं ‘संपूर्ण पॅकेज’ घ्या, वर्षाचे आधी भरलेत तर दोन महिने मोफत.

मी इथल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघते. माझ्या बऱ्याच अशिलांनी हा मेसेज पाठवून विचारलं, “ताई, घेऊ का?” सात-आठ मशीनच्या कारखान्याला महिना पंधरा हजार म्हणजे एका कारागिराची मजुरी. वर्षाचे आधी भरायचे म्हणजे दीड लाख एकरकमी, तेही बहुतेकांचे कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या कर्जखात्यातून जाणार. त्यामुळे ‘घेऊ नका’ एवढ्या दोन शब्दांत उत्तर देऊन मला गप्प बसता येत नाही.

सुरुवातीचं वाक्यच भीती घालणारं आहे. दोन वर्षांत शटर बंद होणार याला आधार काय, ते मेसेजमध्ये कुठेही नाही. माझ्या माहितीतल्या ज्या कारखान्यांनी मशीन विकायला काढली, त्यांची कारणं मला त्यांच्या वह्यांतून माहीत आहेत. उधारी सुटली नाही. सुताचे भाव चढले आणि गिऱ्हाइकाला दिलेला दर बदलता आला नाही. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे चादर महाग वाटू लागली. जूनच्या आधी माल पोचला नाही आणि शाळांचा सीझन हातचा गेला. यातल्या काही अडचणींत एआयची खरोखर मदत होते. पण आपली अडचण कोणती, हे आधी ठरायला हवं. मेसेज पाठवणारा ते विचारतच नाही, कारण त्याच्याकडे युनिफॉर्मवाल्यालाही तेच पॅकेज आणि चटणीवालीलाही तेच.

फुकटातली साधनं म्हणजे खेळणी, या दाव्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण लोकांचे पैसे खरे इथे जातात.

अशोक चौकाकडच्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यातलं काम सांगते. शाळेची ऑर्डर आली की वर्गशिक्षक हाताने लिहिलेल्या मापांच्या याद्या फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. हजेरी क्रमांक, छाती, कंबर, उंची, शर्ट किती, पँट किती. या याद्या एक्सेलमध्ये चढवायला घरातली सून सीझनमध्ये रात्र रात्र बसायची. आता ती फोटो चॅटजीपीटी किंवा जेमिनी या एआय साधनांच्या फुकट खात्यात टाकते आणि तक्ता करून मागते. तक्ता मिनिटभरात येतो. पण तो तसाच कटिंग मास्टरच्या हातात द्यायचा नाही, कारण हाताने लिहिलेले १ आणि ९ या साधनांना नेहमी नीट ओळखू येत नाहीत. पाचवीतल्या मुलाची कंबर २१ च्या जागी २९ आलेली मी स्वतः बघितली आहे. कापड एकदा कापलं की संपलं. म्हणून तिथे तीन गोष्टी ठरल्या आहेत. प्रत्येक इयत्तेसाठी मापाची खालची-वरची मर्यादा एक्सेलमध्ये टाकलेली आहे, तिच्याबाहेरचा आकडा लाल होतो आणि तेवढीच ओळ मूळ कागदाशी ताडून बघायची. साईजवार बेरीज चॅटमध्ये विचारायची नाही, एक्सेलच्या सूत्राने करायची, कारण ही साधनं कधी कधी बेरीज चुकवतात आणि चुकलेली बेरीजही ठामपणे सांगतात. आणि एकूण नग शाळेच्या पटाशी जुळले पाहिजेत. एवढं सांभाळलं तर रात्रभराचं काम दीड-दोन तासांवर येतं. यासाठी एक रुपया द्यावा लागलेला नाही.

अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत. फुकट खात्याला दिवसाला किती फोटो, किती फाइली याची मर्यादा असते आणि ऐन गर्दीत ती संपते. तेव्हा पैसे भरायचे, पण किती? चॅटजीपीटीचा ‘गो’ हा स्वस्त प्लॅन भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना सुरू झाला, यूपीआयनेही पैसे भरता येतात. त्याच कंपनीचा ‘प्लस’ तेव्हा १,९९९ रुपयांना होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर ‘गो’ वर्षभर मोफत देण्याची योजना कंपनीने आणली. त्याच वर्षी जिओने आपल्या अनलिमिटेड ५जी ग्राहकांना जेमिनीचा प्रो प्लॅन अठरा महिने आणि एअरटेलने पर्प्लेक्सिटी या दुसऱ्या एआय साधनाचा प्रो प्लॅन वर्षभर मोफत दिला. अशा योजना येतात-जातात, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या रिचार्जच्या ॲपमध्ये एकदा बघून घ्या. सीझनचे दोन महिने ३९९ प्रमाणे धरले तरी आठशेच्या आत भागतं. त्या पॅकेजवाल्याचा एका महिन्याचा आकडा याच्या जवळपास एकोणीस पट आहे.

फुकट खात्यात मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात आपण जे लिहितो ते कंपनी आपलं मॉडेल सुधारायला वापरू शकते. सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन हे बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी करा. कारागिरांची आधार कार्डं, बँकेची स्टेटमेंट, शाळेतल्या मुलांची नावं यांतलं काहीही टाकू नका. वर सांगितलेल्या यादीत नावाऐवजी हजेरी क्रमांक आहे तो त्यासाठीच. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती हाताळण्याबद्दल २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. आपण छोटे आहोत म्हणून दुसऱ्याच्या मुलांची माहिती कुठेही टाकायला मोकळे आहोत, असं होत नाही.

याच ग्रुपांवर ‘प्रो अकाउंट फक्त ४९९ मध्ये, लाइफटाइम’ अशाही जाहिराती असतात. ते खातं बहुतेकदा एकच असतं आणि लॉगिन अनेकांना विकलेलं असतं. तुम्ही तुमचा दर आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहून कोटेशन करून घेतलंत, तर त्याच खात्यावर बसलेला दुसरा माणूस ते वाचू शकतो, आणि तो तुमच्याच गल्लीतला व्यापारी असू शकतो. शिवाय कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, खातं कधीही बंद पडतं. यापेक्षा फुकट खातं कधीही बरं.

मराठीत चालत नाही, हा दावा दोन-तीन वर्षांपूर्वी केला असता तर मी फारसा वाद घातला नसता. ही साधनं मजकूर तोडून वाचतात, त्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि एका वेळी किती मजकूर मावतो व कंपनीला किती खर्च येतो, ते टोकनांवर ठरतं. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणलं तेव्हा त्यांनी दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागायची, ती ३३ वर आली. तेलुगूची १५९ वरून ४५ वर आली. आपल्या गावाला याचं महत्त्व मोठं आहे. मालक मराठीत बोलतो, मागावरचा कारागीर घरी तेलुगू बोलतो, विजयपूर-कलबुर्गीचा व्यापारी कन्नडमध्ये निरोप पाठवतो. कन्नडमधला निरोप मराठीत वाचायला गुगल ट्रान्सलेट पुरतं, आणि २०२२ पासून केंद्र सरकारचं भाषांतराचं साधन ‘भाषिणी’ही आहे. दोन्ही फुकट. मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की टाइपही होतं. एवढी काळजी घ्या की दर, नग आणि तारीख या तीन गोष्टी भाषांतरावर सोडायच्या नाहीत, त्या आकड्यांत लिहून समोरच्याकडून होकार घ्यायचा.

उधारीचं पत्र हा मराठीतला माझा आवडता उपयोग. आपले लोक एक तर पैसे मागायला लाजतात, नाहीतर एकदम भांडतात. ‘माल अमुक तारखेला पोचला, बिल अमुक रकमेचं, गिऱ्हाईक जुनं आहे, संबंध तुटू नयेत पण पैसे या महिन्यात हवेत’ एवढं बोलून सांगितलं तर फुकट साधनही चांगलं पत्र लिहून देतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. तो उल्लेख पत्रात आवर्जून घालायला सांगा. पंधरा हजारांच्या पॅकेजने जे होणार आहे त्यापेक्षा अशा चार पत्रांनी गल्ल्यात जास्त पैसे येतील, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून म्हणते.

आता माणसं कमी करण्याचा मुद्दा.

फोटोग्राफर लागत नाही, हे निम्मं खरं आहे. चादरीचा फोटो खिडकीच्या उजेडात घेतला आणि मागचा पसारा काढून पांढरा केला, तर कॅटलॉगला चालतो, आणि हे काम फुकटात होतं. पण साधनाला ‘ही चादर एका सुंदर बेडवर दाखव’ असं सांगितलं की ते चादर नव्याने रंगवतं. किनार बदलते, नक्षीतल्या मोराची मान वेगळी होते, रंग उजळतो. गिऱ्हाइकाने तो फोटो बघून मागवलेली चादर आणि पार्सलमधून निघालेली चादर वेगळी असली की माल परत येतो आणि भाडं आपल्या डोक्यावर बसतं.

वर्णनाचं त्याहून वाईट. सोलापुरी चादर म्हटलं की ही साधनं ‘पिढ्यानपिढ्यांच्या विणकरांनी हातमागावर विणलेली’ असं हमखास लिहितात, आणि वाचायला छान वाटतं म्हणून लोक ते तसंच चिकटवतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागावर जॅकार्ड (नक्षी विणण्याचं यंत्र) लावून काढलेली चादर हातमागाची म्हणून विकणं ही दिशाभूल करणारी जाहिरात झाली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिला दंड आहे. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाहेरगावचा नकली माल सोलापुरी म्हणून विकला जातो तेव्हा आपण चिडतो, तर आपल्या मालाबद्दलही खोटं छापू नये. सूत कोणतं, माप किती, वजन किती, रंग पक्का आहे का, हे पाच-सहा मुद्दे आपण द्यायचे आणि ‘यापलीकडे काही लिहू नको’ असं सांगायचं.

हिशेबनीस लागत नाही असं म्हणणाऱ्याने स्वतः कधी रिटर्न भरलेलं नसावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाला अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी ही रेघ हजार रुपयांवर होती आणि वर १२ टक्के लागायचे. ही साधनं जुन्या मजकुरावर शिकलेली असतात. ताजी माहिती शोधायला सांगितलं नाही तर जुना दर बिनदिक्कत सांगू शकतात, आणि चुकीच्या दराने फाडलेल्या बिलाची नोटीस मालकाच्या नावाने येते. माझं पोट या कामावर आहे म्हणून मी हे म्हणते, असं कुणाला वाटेल. मग माझ्याकडे येऊ नका, दुसऱ्या कुणाकडे जा, पण दर माणसाकडून खात्री करून घ्या.

फोन घेणाऱ्या मुलीच्या जागी चॅटबॉट हवा की नको, ते रोज किती निरोप येतात त्यावर आहे. दिवसाला तीस-चाळीस चौकश्या असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसचं साधं ॲप पुरतं. त्यात कॅटलॉग आहे, दुकान बंद असताना जाणारा निरोप आहे, ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि ते फुकट आहे. पॅकेजवाले विकतात तो बॉट व्हॉट्सॲपच्या मोठ्या उद्योगांसाठीच्या सेवेवर चालतो. तिथे आपण होऊन पाठवलेल्या जाहिरातीच्या प्रत्येक निरोपाला पैसे लागतात आणि मधल्या कंपनीचं भाडं वेगळं. हा खर्च पंधरा हजारांत धरला आहे की वरून येणार, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

राहिला वर्षाचे आधी भरण्याचा मुद्दा. या क्षेत्रात किमती आणि मोफत योजना सहा महिन्यांत बदलताना आपण बघतोय, अशा वेळी वर्षभरासाठी बांधून घेण्यात फायदा फक्त विकणाऱ्याचा आहे. जे घ्याल ते महिन्याचं घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर आपला नंबर घातलेलं पक्कं बिल मागा, म्हणजे भरलेला कर इनपुट क्रेडिटमध्ये घेता येईल. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरायच्या योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळत नाही, मग १८ टक्के धरूनच किंमत मोजा. मोफत योजना घेताना ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची सोय, चालू करून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी निरोप यायला हवा. पण पंधरा हजारांपर्यंतच्या वर्गणीला दर वेळी वेगळी परवानगी लागत नाही, निरोप वाचला नाही तर पैसे गेले. त्या पॅकेजची रक्कम नेमकी या मर्यादेत बसते. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा, यूपीआयवर चालू असलेल्या परवानग्या (मँडेट) तिथे दिसतात, आणि नको असलेली तिथूनच रद्द करता येते.