तिसऱ्या ट्रॉम्बोनचे बत्तीस बार

माझ्या कागदावर सुरुवातीलाच एक जाड आडवी रेघ आहे आणि तिच्या डोक्यावर ३२ हा आकडा. म्हणजे ३२ बार गप्प बसायचं. बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला एक कप्पा. एका बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रा ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं पितळी वाद्य) मांडीवर धरून मोजायच्या आणि तेहतिसाव्या बारात, दुसऱ्या मात्रेच्या बरोबर अर्ध्यावर, ‘भ्वाँप्’ असा एक सूर काढायचा. एकच. त्यानंतर पुन्हा जाड रेघ. या वेळी १६.

हौशी बिग बँडमधला, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदातला, तिसरा ट्रॉम्बोन मी आहे. तुम्ही काय वाजवता असं कुणी विचारलं तर मी वाद्याचं नाव सांगतो खरा, पण माझा मुख्य व्यवसाय मोजणे हा आहे.

मोजायची रीत ठरलेली असते. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर त्या बारचा आकडा म्हणायचा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. वाचायला सोपं वाटतं. पण ‘चार-दोन-तीन-चार’ झाल्यावर आता पाच की पुन्हा चार, हा प्रश्न ज्याला पडला नाही तो माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्यात मन स्थिर राहील अशी जागाही आमच्या वाट्याला आलेली नाही. बँड एकूण १७ जणांचा. पुढच्या रांगेत पाच सॅक्सोफोन, मधल्या रांगेत आम्ही चार ट्रॉम्बोन, मागे चार ट्रम्पेट आणि बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम्स ही रिदम सेक्शनची मंडळी. म्हणजे पुढच्यांच्या टाळक्यावर आम्ही आणि आमच्या टाळक्यावर ट्रम्पेट. पहिला ट्रम्पेटवाला वरचा सूर लावतो तेव्हा माझ्या मानेवरचे केस आधी उभे राहतात, आवाज मागून येतो.

पुढच्या टेनर सॅक्सवाल्याचं आणि माझं विशेष बरं नाही. ट्रॉम्बोनच्या नळीला सात जागा असतात, त्यातल्या एकीवरही खूण नसते, सगळं अंदाजाने. सातव्या जागेला हात पूर्ण लांब करावा लागतो आणि ती जागा नेमकी त्याच्या मानगुटीपाशी येते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जॅझच्या सुरुवातीच्या काळात बँड गाडीत बसून वाजवत फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या काठावर बसवत म्हणे, नळीला मोकळी जागा मिळावी म्हणून. इतकी माणुसकी आता राहिली नाही. आता खुर्ची दोन इंच मागे घेतली की ट्रम्पेटवाले खाकरतात.

तर सॅक्सवाले. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली या वाद्याचं पेटंट घेतलं. बनवलंय पितळेचं, पण सूर बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो, म्हणून घराणं लाकडी वाद्यांचं. त्या रीडपायी ही माणसं कायम दुःखी. दहाच्या पेटीत दोन बऱ्या निघाल्या तर त्यांचा तो दिवस सणाचा. विरामात त्या तोंडात धरून ओल्या करत बसतात, त्यामुळे बोलत नाहीत. हा एक फायदा.

सूर जुळवायची वेळ तर बघण्यासारखी. संचालक म्हणतात, “सगळ्यांनी सी हा सूर द्या.” आल्टो सॅक्सवाला आपल्या कागदावरचा सी वाजवतो, पण वाद्याची बांधणीच अशी की बाहेर पडतो दुसराच सूर, ई फ्लॅट. टेनर आणि ट्रम्पेटच्या सीमधून बी फ्लॅट निघतो. आम्ही ट्रॉम्बोनवाले तेवढे लिहिलंय तेच वाजवतो, आणि तरीही सगळ्यात बेसूर म्हणून मान आमच्याकडेच वळते.

बार नऊ की दहा? बघा, गेलं.

मोजणं चुकायची कारणं दर वेळी नवीन. मध्यंतरी एका रचनेत प्लंजर म्यूट लागला. हा म्यूट म्हणजे बेसिन तुंबल्यावर वापरतात त्या पंपाचं रबरी टोपण. वाद्याच्या तोंडावर धरून उघडझाप केली की वाद्य चक्क बोलायला लागतं. १९२०च्या दशकात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात बबर मायली ट्रम्पेटवर आणि ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन ट्रॉम्बोनवर असे काही गुरगुरत की ती त्या वाद्यवृंदाची ओळखच झाली. मी घरातल्या पंपाचं टोपण काढून नेलं. त्याच संध्याकाळी बेसिन तुंबलं. पुढचा संवाद कलेच्या इतिहासाशी संबंधित नाही, पण पुढचे तीन कार्यक्रम मी मोजताना बेसिनचाच विचार करत होतो.

दुसरं कारण पाणी. श्वासातली वाफ नळीत गार होते आणि तिचं पाणी साठतं. ते खालच्या झडपेतून काढावं लागतं. ही थुंकी नव्हे, असं मी टेनरवाल्याला बरेचदा सांगितलं आहे. तो पाय वर घेऊन ऐकतो.

मन फारच उदास झालं की मी गिटारवाल्याकडे बघतो. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हा गिटारवाला १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे ५० वर्षं, जवळजवळ एकही सोलो (एकट्याने वाजवायचा तुकडा) न घेता बारात चार ठोके देत राहिला. आमच्याही गिटारवाल्याचा आवाज ऐकू येत नाही. मात्र तो फ्रेडी ग्रीनमुळे नव्हे, त्याची वायर निघालेली असते.

शेवटी शेजारच्या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्यांनी, जे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत, मला गुपित सांगितलं. “अहो, बोटं कसली मोजता? गाण्याचे आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, तो ब्रिज. ब्रिज आला की सतरावा बार समजायचा.”

मी ब्रिजची वाट पाहू लागलो. पण टेनरवाल्याचा सोलो असा, की त्यात ब्रिज केव्हा आला आणि केव्हा गेला हे त्यालाही नंतर विचारूनच कळतं. बास बिचारा प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकत सरळ चालत असतो, पण त्याची पावलं सगळी सारखी. हाय-हॅट, म्हणजे ड्रमरची पायाने वाजवायची झांज, दोन आणि चारवर ‘छिक्’ करते. एक कुठे आहे हे कुणीच सांगत नाही.

“मग ड्रमरकडे लक्ष ठेवा,” दुसरे ट्रॉम्बोनवाले म्हणाले. “आपला सूर यायच्या आधी तो एक छोटा तुकडा वाजवून वर्दी देतो. मी तर गेली कित्येक वर्षं मोजलेलंच नाही.”

त्या दिवसापासून मी सुखी झालो. ब्रश फिरतोय तोवर निवांत, ‘डुगुडुग्-टाक्’ झालं की वाद्य ओठाला. चार कार्यक्रम उत्तम गेले.

पाचव्याला तेहतिसावा बार आला आणि गेला. चौतिसावा, पस्तिसावा. ड्रमर आमच्याकडे बघत होता, आम्ही ड्रमरकडे. चारही ट्रॉम्बोन गप्प. नंतर आम्ही त्याला गाठलं, तुकडा का दिला नाहीस म्हणून.

“देणार कसा?” तो म्हणाला. “सूर मारायच्या आधी तुम्ही चौघं एकदम श्वास घेता ना, तो ऐकून मी देतो. मला वाटलं, तुम्ही मोजताय.”