रूसोच्या नावाने मुलांचे रंग हिसकावू नका

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'थोर फ्रेंच तत्त्ववेत्ता रूसो याने सिद्ध केले आहे की कलांमुळे माणूस बिघडतो. रानातला आदिमानवच सुखी होता. म्हणून तो म्हणाला, निसर्गाकडे परत चला. मुलांना चित्रांच्या, गाण्यांच्या नादी लावू नका.' तो वाचून आमच्या वहिनींनी लेकीचा चित्रकलेचा क्लास बंद करायचं मनावर घेतलंय, म्हणून हा खटाटोप.

'सिद्ध' काही केलेलं नाही. विज्ञान आणि कलांच्या पुनरुज्जीवनाने नीतिमत्ता सुधारली का, असा विषय फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या अकादमीने 1749 मध्ये निबंधस्पर्धेला दिला. रूसोने 'नाही' म्हणून लिहिलं आणि 1750 मध्ये बक्षीस पटकावलं. विज्ञान आणि कला पूर्णत्वाकडे गेल्या तसतशी आपली मनं नासली, असं तो त्यात म्हणतो खरा, ते नाकारत नाही. पण त्याच निबंधाच्या शेवटी बेकन, देकार्त, न्यूटन हे विज्ञानातले धुरीणच मानवजातीचे गुरू ठरतात. शिवाय 1752 मध्ये याच गृहस्थाचा ऑपेरा फाँतेनब्लोच्या राजवाड्यात फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यासमोर झाला.

रानातल्या माणसाचं म्हणाल तर रूसोचा 1755 चा विषमतेवरचा ग्रंथ उघडा. त्यातला सर्वांत सुखी काळ एकट्या आदिमानवाचा नाहीच. लोक झोपड्या बांधून राहतायत, कातडी शिवतायत, ओबडधोबड वाद्यं घडवतायत, असा तो मधला काळ आहे. घात केला तो धातुकाम आणि शेतीने, असं रूसो म्हणतो. मेसेजवाल्यांनी मग शेतीही बंद करायला सांगावी! अस्वलांसोबत रानात राहायला जायचं का, हा प्रश्न तो स्वतःच टीपेत विचारतो आणि असा निष्कर्ष माझे विरोधकच काढतील म्हणून उडवून लावतो. 'निसर्गाकडे परत चला' हे वाक्य त्याच्या लेखनात नाही, बी.एड.च्या नोट्समध्ये कितीही वेळा छापलेलं असो.

आता मुलांच्या चित्रांविषयी. 'एमिल' (1762) या शिक्षणावरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात रूसोने चित्रकला कशी शिकवावी ते चक्क सांगितलंय. चित्रावरून चित्र काढायचं नाही. घर काढायचं तर समोर घर हवं, झाड काढायचं तर झाड. नकलेची नक्कल केली की मुलाच्या डोक्यात वस्तूऐवजी तिचा ठोकळा बसतो. शिक्षकानेही पेन्सिल घ्यायची आणि मुलाइतकंच वाईट काढायचं: हाताला एक रेघ, पायाला एक रेघ, बोटं हातापेक्षा जाड. पायाला जाडी असते, ती सगळीकडे सारखी नसते, हे दोघांपैकी कुणाच्या तरी यथावकाश लक्षात येतं. मग फ्रेमा. सुरुवातीच्या बेढब चित्रांना झगमगीत सोनेरी फ्रेम. चित्र अचूक जमलं की साधी काळी, कारण आता त्याला सजावटीची गरज उरली नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र रूसोची बाजू घेववत नाही. 'एमिल'च्या पाचव्या भागात त्यांना पानं, फुलं, फळं एवढंच पुरे म्हणतो. निसर्गचित्र नको, मनुष्याकृती तर त्याहून नको. तेवढं खुशाल फेकून द्या.

वहिनींनी क्लासमध्ये एकच पाहावं. मुलांसमोर खरी वस्तू ठेवतात, की दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली झोपडी असलेला छापील कागद गिरवायला देतात? दुसरं असेल तर क्लास बदला.