यादीत नाव आहे, निकाल नाही

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. त्याच्या बोरिवलीच्या सोसायटीत भाडेकरूवरून वाद पेटलाय. कमिटीतल्या एकाने महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर अटक आरोपींची यादी उघडली, त्यात राहायला येणाऱ्या मुलाच्या नावाशी जुळणारं नाव दिसलं आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला. "तुमच्याकडे तर फोटोसकट सगळं दिसतं ना? मग आम्ही बघितलं तर बिघडलं कुठे?" भाऊ विचारत होता.

दिसतं, हे खरंय. मी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला राहतो. इथे कुणाला अटक झाली की काही तासांत शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या वेबसाइटवर नाव, फोटो, आरोप आणि जामिनाची रक्कम येते. फ्लोरिडाचा कायदा सरकारी कागद जनतेचा मानतो. मुलगा रात्री घरी आला नाही तर आई घरबसल्या त्याला शोधू शकते.

याचं मोल मला ठाऊक आहे. 1998 च्या गणपतीत आमच्या गिरगावात दोन मंडळांच्या पोरांची मारामारी झाली आणि पोलिसांनी दादाला गाडीत घातलं. बाबा रात्रभर एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरले. "इथे नाही, पुढे बघा," एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाच्या आवारात दादा दिसला, तेव्हा बाबा पायरीवरच बसले. आईने तोवर चूल पेटवली नव्हती.

कागदावर कायदा तेव्हाही बाबांच्या बाजूने होता, आज तर अधिकच आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकांना खबर देणं बंधनकारक केलं. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 2008 च्या दुरुस्तीने पोलीस नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावं लावायला सांगितलं. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 37 त्याहून पुढे जातं: प्रत्येक ठाण्यात अटकेची माहिती ठेवायला किमान सहायक फौजदार दर्जाचा अधिकारी नेमायचा, आणि नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल पद्धतीनेही. मुंबईत नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत. बाबांसारखं पायी फिरून कुणाला शोधणार?

म्हणून ही यादी मला हवी आहे. पण ती कोठडीतला माणूस त्याच्या घरच्यांना सापडावा, अटक लपवता येऊ नये, यासाठी आहे. भाडेकरू निवडायला नाही.

टॅम्पात माझ्या शेजाऱ्याला चुकून अटक झाली होती. सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले, पण त्याआधीच त्याचा फोटो खासगी साइट्सनी उचलला होता. असे फोटो साइटवरून काढून टाकायला पैसे मागण्याचा धंदा इथे इतका वाढला की 2018 मध्ये फ्लोरिडाला त्याविरुद्ध कायदा लागू करावा लागला. तरी शेजाऱ्याला त्यानंतर दोन घरमालकांनी नकार दिला. आपल्याकडे आरोपीला कोर्टात नेताना तोंडावर काळा बुरखा घालतात, कारण साक्षीदारांसमोर ओळख परेड व्हायची असते. ही सवय जपायला हवी. फोटोच्या बाबतीत फ्लोरिडाचा कित्ता मुंबईने गिरवू नये, असं मी इथे राहून सांगतोय.

आणि आपल्याकडे खटले किती रेंगाळतात! देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोषी ठरलेले नाहीत. अटकेची नोंद त्याच दिवशी होते आणि सुटकेचा निकाल यायला वर्षं जातात. दादाला तीन वर्षांनी निर्दोष सोडलं. तेव्हा ऑनलाइन यादी नव्हती, तरी आखाती नोकरीसाठी पोलीस पडताळणीच्या वेळी प्रत्येक वेळी तो निकालाची प्रमाणित प्रत घेऊन उभा राहिला. ती प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, अजूनही.

शासनाला करता येण्यासारखं एक काम आहे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स वेबसाइटवर एफआयआरचा क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणं टाकून खटल्याची स्थिती आजही शोधता येते. मग अटकेच्या नोंदीलाच ती स्थिती जोडा: जामीन झाला, आरोपपत्र दाखल झालं, निर्दोष सुटला. निर्दोष सुटलेल्याचं नाव जनतेसाठीच्या यादीतून काढा, पोलिसांच्या दप्तरात राहू द्या. अल्पवयीनांची ओळख उघड करायला कायद्याने बंदीच आहे. तशी शिस्त मोठ्यांसाठीही लावता येईल.

मावसभावाला मी हेच सांगितलं. मुंबईत एका नावाची कितीतरी माणसं असतात, तेव्हा हा तोच मुलगा आहे का ते आधी त्यालाच विचारा, आणि असेल तर खटल्याचं काय झालं तेही बघा. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, रविवारी मीटिंग आहे, दादाला निकालाच्या त्या कागदाचा फोटो पाठवायला सांगतोस का?