दुतोंड्या मारुती भविष्य सांगत नाही

गेले काही दिवस वाचकांच्या गटांमधून एक मजकूर फिरतोय. माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. त्यातलं म्हणणं असं: डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे माणसांनीच रचलेल्या भयाण समाजाच्या काल्पनिक गोष्टी, ही सगळी फसलेली भाकितं, १९८४ साल आलं नि गेलं, इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने ‘१९८४’ या कादंबरीत लिहिलेलं काही घडलं नाही. उद्ध्वस्त जग दाखवलं की झाला डिस्टोपिया. आपल्याकडे कलियुगाची वर्णनं असताना हे परदेशी खूळ कशाला? आणि अशी पुस्तकं मुलांना देऊ नका, ती निराश होतात. नाशिकमध्ये आम्ही काही जण दर शनिवारी अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर पुस्तकं वाचतो, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी भाकिताचं बघू. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या मारुतीच्या मूर्तीवरून एकमेकांना एकच विचारतात: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला? २०१९च्या ऑगस्टमध्ये ते त्याच्या डोक्यावरून गेलं. मारुती काही पुराचं भविष्य सांगत नाही. आत्ता पाणी किती चढलंय ते त्याच्यावरून कळतं, आणि सराफ बाजारातला दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतो.

ऑर्वेलही आपल्याच काळाचं पाणी मोजत होता. १९४१ ते १९४३ तो बीबीसीत, भारतासाठीच्या प्रसारणात नोकरीला होता. तिथे संहिता सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागे. युद्धात ब्रिटनमध्ये पावावर कधी रेशन नव्हतं, ते आलं युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८. कादंबरी १९४९ची. आता तिच्यातलं चॉकलेट आठवा. रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणल्याचं जाहीर होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते २० ग्रॅमपर्यंत वाढवलं म्हणून आभाराचे मोर्चे निघतात. टंचाई लेखकाने रोज भोगलेली होती. कालचा आकडा आज विसरायला लावणारी सत्ता त्याने तिच्या शेजारी उभी केली आणि शेवटपर्यंत ताणत नेली. डिस्टोपियातलं जग कसं रचतात हे मुलांना समजवायला मला याहून चांगला उतारा सापडलेला नाही. असा समाज येणारच असं आपल्याला वाटत नाही, पण त्याच्यासारखं काही येऊ शकतं, हे ऑर्वेलने पुस्तक आल्यावर स्वतःच स्पष्ट केलं होतं. मार्गारेट अॅटवूड यांनी तर १९८५च्या ‘द हँडमेड्स टेल’साठी नियमच घालून घेतला होता: इतिहासात कुठेतरी घडलेलं नाही असं काही घ्यायचं नाही.

उद्ध्वस्त जगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जयंत नारळीकर, म्हणजे २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतं. ती संकटकथा आहे, तिथे गाठ निसर्गाशी आहे. उलट हक्सलीच्या १९३२च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत कुणी उपाशी नाही, शहर लखलखीत आहे, मन खट्टू झालं की सोमाची गोळी मिळते. तरी ते जग भयंकर आहे, कारण माणसाने काय व्हायचं हे तो जन्मण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं.

कलियुगाचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला. साम्य आहेच: माणसं खोटं बोलतात, नाती विटतात, राजे लुटतात. पण कलियुग काळाच्या चक्राने येतं. त्याचा हुकूम कुणी काढलेला नसतो, त्यावर कुणाची सही नसते. डिस्टोपियात ती सही असते, आणि वाचकाने ती शोधायची असते. नियम कुणी केला? मोडला तर काय होतं? शेजारचा गप्प का आहे? हे प्रश्न परदेशी नाहीत. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधलं पुणं आठवा, १९७२चं नाटक. रात्री बाहेर पडायला परवाना, पावलोपावली परवाना, आणि या कोतवालाला नेमणारा हात नानाचा. ती पेशवाईतली गोष्ट आहे, तिला डिस्टोपिया म्हणायचा माझा हट्ट नाही. पण सत्ता माणसाला कशी पोखरते हे पाहायला मराठी वाचकाला बाहेरून काही आणावं लागत नाही.

राहिली निराशा. मुलं हादरतात हे खरं आहे, मी पाहिलंय. आमच्याकडे ‘१९८४’चा नायक विन्स्टन हरला तेव्हा दोघं-तिघं बोलेनाशी झाली. पण अकरावीतल्या एका मुलीने पुस्तकामागचं न्यूस्पीकवरचं, म्हणजे त्या राजवटीने घडवलेल्या भाषेवरचं परिशिष्टही वाचलं होतं. ती म्हणाली, “काका, हे सगळं भूतकाळात लिहिलंय. न्यूस्पीक ‘होती’ असं. म्हणजे लिहिणारा ती राजवट संपल्यानंतरचा आहे का?” असा अर्थ लावणारे वाचक पुष्कळ आहेत, मलाही तो पटतो. त्या शनिवारी कुणी वेळेवर घरी गेलं नाही. मुलांनी पुन्हा पहिलं प्रकरण उघडलं, जिथे विन्स्टन कोरी डायरी समोर घेऊन बसतो आणि ही आपण कुणासाठी लिहितोय, इथे अडतो.