ऐंशी किलोमीटरची सुतळी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "बांगलादेशचा माल आता आपल्या न्हावा शेव्यातूनच! नवी मुंबईला काम, त्यांना धडा." खाली अंगठ्यांची रांग आणि दोन फटाके. उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. तिथे लिहिलं असतं तर विषय रात्रीपर्यंत पार्किंगवर गेला असता. म्हणून इथे. शेजाऱ्याशी देवाणघेवाण असावी, हे तुम्हाला तरी पटवावं लागत नाही.

न्हावा शेवा बंदराजवळ, उरण रस्त्यावरच्या एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेर पेट्या ठेवून तपासायचं गोदाम) आज आमच्या कामातली एक चाळीस फुटी पेटी, म्हणजे कंटेनर, उघडली. आत तागाची सुतळी. माल बांगलादेशचा, घेणारा व्यापारी कोलकात्याचा. परत वाचा. कोलकात्याचा. बेनापोल-पेट्रापोलची सीमा कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटर. सकाळी निघालेला ट्रक दुपारच्या जेवणाला बडाबाजारात. ती सुतळी आता चट्टग्रामहून फीडर जहाजाने सिंगापूरला गेली, तिथे दुसऱ्या जहाजावर चढली, अरबी समुद्रातून आपल्याकडे उतरली, आणि इथून ट्रकने जवळपास २,००० किलोमीटर उलटी कोलकात्याला जाणार. सिंगापूर कशाला, असं विचाराल. चट्टग्रामचं बंदर कर्णफुली नदीत आहे, पाण्याची खोली कमी, मोठी जहाजं आत येत नाहीत. तिथल्या बहुतेक पेट्या आधी छोट्या जहाजाने कोलंबो नाहीतर सिंगापूरला जातात आणि मग पुढे.

हा व्यवहार तोट्याचाच. पण जुनं गिऱ्हाईक सुटू नये म्हणून माणूस असा एखादा लॉट काढतो.

हे का झालं, तेही सांगतो, कारण ग्रुपवर कुणीच अधिसूचना वाचलेली नाही. ८ एप्रिल २०२५ ला आपण बांगलादेशची ट्रान्सशिपमेंटची सोय काढली. आपल्या जमिनीवरून आपल्या बंदरांत आणि विमानतळांवर येऊन त्यांचा माल तिसऱ्या देशात जायचा, ती सोय. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या सुताची आयात जमिनीच्या मार्गाने बंद केली. १७ मे ला आपण म्हटलं, तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. २७ जूनला ताग, तागाचं सूत आणि कापड जमिनीवरून बंद, फक्त न्हावा शेवा. ११ ऑगस्टला उरलेलं कापड, सुतळी, दोर, गोण्या, तेही तसंच. कोलकाता बंदरसुद्धा नाही, हे लक्षात घ्या. ताग पिकतो बंगालच्या दोन्ही बाजूंना, गिरण्या हुगळीच्या काठी, आणि दार ठेवलं उरणला.

दोघेही एकमेकांचं नाक कापतायत आणि रक्त स्वतःचं पुसतायत.

"सीमाशुल्क शून्य केलं की झालं" असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही पेटी बघावी. शुल्काचा प्रश्न केव्हाच कडेला पडलाय. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, त्यावर सह्या झाल्या इस्लामाबादला, जानेवारी २००४ मध्ये. करार लागू झाला १ जानेवारी २००६ ला. २०११ च्या अखेरीस आपण अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी दारू-तंबाखूसारख्या २५ वस्तू सोडून सगळ्यावरचं मूळ शुल्क शून्य केलं. म्हणजे या सुतळीवरही शून्य. मग जानेवारी २०१७ मध्ये त्याच सुतळीवर, गोण्यांवर आणि हेसियनवर (तागाचं कापड) अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे बाहेरचा माल पाडलेल्या भावात येऊ नये म्हणूनचं जादा शुल्क, बसवलं, टनामागे डॉलरात, कारखान्यागणिक वेगळं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. (मान्य, बांगलादेश सरकार ताग निर्यातीला रोख अनुदान देतं आणि आपल्या ज्यूट गिरण्यांतला कामगार त्यात भरडला जातो. मान्य.)

पण आज पेटी अडली ती या शुल्कावर नाही. ते भरायची तयारी होतीच. ती अडली कागदावर.

साफ्टाची सवलत हवी तर मूळ-प्रमाणपत्र लागतं. हे बांगलादेशच्या निर्यात विकास ब्युरोचं. माल त्यांचाच आहे हे दाखवायचं: अल्पविकसित देशासाठी किमान ३० टक्के स्थानिक मूल्य आणि चार आकडी एचएस शीर्षकात (कस्टम्सच्या माल-वर्गीकरणाचा क्रमांक) बदल, नाहीतर मुळातच तिथे पिकलेला, तिथे तयार झालेला. ताग तिथल्याच शेतातला, पिळलाही तिथेच, तेव्हा हा मुद्दा सरळ. दुसरी अट वाकडी. माल थेट यायला हवा. वाटेत साफ्टाबाहेरचा तिसरा देश लागला तर तिथे त्याची विक्री झालेली नाही, चढवणं-उतरवणं सोडून काही झालेलं नाही, हे सिद्ध करायचं.

ट्रकने आली असती तर वाटेत तिसरा देश लागलाच नसता. आपणच अधिसूचना काढून तिला सिंगापूरला पाठवलं आणि आता आपणच विचारतोय, "सिंगापूरला का गेली होतीस?"

यावर उपाय आहे, आणि तो जहाज सुटायच्या आधीचा आहे. चट्टग्राम ते न्हावा शेवा असं एकच थ्रू बिल ऑफ लेडिंग (अख्ख्या प्रवासाची जहाज कंपनीची मालाची पावती) घ्यायचं, त्यावर सिंगापूर हे ट्रान्सशिपमेंटचं, म्हणजे जहाज बदलायचं, बंदर म्हणून छापलेलं हवं, आणि सीलचा नंबर पेटीवर, बिलावर, पॅकिंग लिस्टवर एकच हवा. या पेटीला दोन तुकड्यांत दोन बिलं निघाली. दुसऱ्या बिलावर सीलचा रकाना कोरा. बस्स. पेटीवरचं बोल्ट सील जसंच्या तसं, नंबर पहिल्या बिलातलाच, कटर लावून सगळ्यांसमोर तोडलं. तरी कस्टम्सची क्वेरी आली. अधिकाऱ्यावर राग नाही, त्याच्या जागी कुणीही असता तरी कोऱ्या रकान्यावर सही केली नसती.

वर २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम, म्हणजे करारातल्या सवलतीने येणाऱ्या मालाचं मूळ तपासायचे नियम. आयातदाराने फॉर्म-१ मधली माहिती आधीच जवळ ठेवायची: माल कुठे, कसा बनला, कच्चा माल कुठला, मूल्य कसं काढलं. आणि ती ५ वर्षं जपायची. तिकडचा गिरणीवाला आपला खर्चाचा तक्ता गिऱ्हाइकाला कशाला दाखवेल? तुम्ही दाखवाल? मुळाबद्दल शंका निघाली तर सवलतीच्या फरकाइतकी बँक गॅरंटी देऊन माल तात्पुरता सोडवता येतो, पण ती गॅरंटी तपासणी संपेपर्यंत बँकेत पडून. छोट्या व्यापाऱ्याचं खेळतं भांडवल तिथेच गोठतं.

आणि घड्याळ चालूच. बांगलादेशच्या मालाचं बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडचा आयातीचा अर्ज) जहाज येईल त्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरायचं, नाहीतर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. मोफतचे दिवस सरले की सीएफएसचं भाडं वेगळं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे पेटी उशिरा परत केल्याचा आकार, वेगळं. सुतळीच्या किमतीत हे सगळं बसवून दाखवा.

आता वजन. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ताग हवेतली ओल पितो. लोखंडी पेटी डेकवर दिवसा तापते, ताग वाफ सोडतो, रात्री पेटी गार पडली की ती वाफ छताला थेंब होऊन लागते आणि गठ्ठ्यांवर पडते. वरच्या थराला काळे डाग, कुबट वास. शिवाय काट्यावरचं वजन कागदावरच्या वजनाशी जुळत नाही, कारण एक भरताना मोजलेलं आणि एक समुद्र ओलांडून आल्यावर. वजन जुळलं नाही की आणखी एक प्रश्न. पेटीत ओलशोषक पिशव्या टांगायच्या, गठ्ठ्यांवर क्राफ्ट कागद घालायचा, लाकडी पॅलेट सुकलेलं आणि शिक्क्याचं घ्यायचं, हे सगळं करता येतं. पण ज्यांनी आयुष्यभर ताडपत्रीखाली ट्रकने माल पाठवला, त्यांना हे ठाऊक कुठून असणार? ताडपत्रीच्या ट्रकला वारा लागतो.

आज दार उघडलं तेव्हा तोच वास आला. थोडा कुबट, थोडा घासलेटसारखा. तंतू मऊ करायला गिरणीत तेल मारतात, त्याचा. (धान्याच्या गोणीला ते चालत नाही, तिथे भाताच्या कोंड्याचं तेल लागतं.) दहा टक्के गठ्ठे बाहेर काढायला सांगितले. हमालाने एका गठ्ठ्याची सुतळी बोटांनी ओढून पाहिली आणि म्हणाला, "चांगली आहे हो. आमच्या मार्केटला असली येत नाही."

त्या वाक्यानंतर माझा आवाज थोडा खाली आला, खरं सांगतो. कारण गिरणीत ही पिळणारीसुद्धा या हमालासारखीच कुणी बाई असणार, रोजावर.

बरं, रस्त्याने सगळं आलबेल होतं असंही नाही. पेट्रापोलला तो स्वर्ग नव्हता. जागतिक बँकेने २०२१ मध्ये मोजलं: पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास, त्यातले २८ तास फक्त माल एका ट्रकमधून दुसऱ्यात चढवायला. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर ६ तासांच्या आत. त्याच अहवालात आहे की भारतातल्या कंपनीला बांगलादेशपेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं. ब्राझील! ट्रक थेट जावेत म्हणून १५ जून २०१५ ला थिंफूला चार देशांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. भूतानच्या संसदेत तो अडला, बाकी तिघांचं घोडं परवान्यात आणि नियमावलीत पेंड खातंय. आपल्याकडे कारखान्यात भरून सील केलेल्या निर्यातीच्या पेटीला आरएफआयडी ई-सील (यंत्राने दुरून वाचता येणारं सील) लागतंच. तेच सील ढाक्याहून निघालेल्या ट्रकला लावलं, वाटेत कुठे थांबला, कुठे दार उघडलं हे दोन्ही कस्टम्सच्या पडद्यावर दिसलं, की सीमेवर माल उतरवायची गरज काय? तंत्र आहे. माणसंही आहेत. मूळ-प्रमाणपत्र कागदाऐवजी थेट एका संगणकातून दुसऱ्यात गेलं तर कोऱ्या रकान्याचं हे भूत उरत नाही.

फसवणूक होत नाही का? होते. नेपाळात तेल-पामची म्हणण्यासारखी शेती नाही, तरी तिथून रिफाइंड पाम तेल शून्य शुल्काने आलं. मिरी श्रीलंकेच्या नावाने आली आणि मसाला मार्केटमधल्या जुन्या माणसाने दाणा दाताखाली धरून सांगितलं की ही व्हिएतनामची. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये मिरीला किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. तपासणी हवीच. पण चोर तेलात सापडला म्हणून सुतळीवाल्याला समुद्र हिंडवायचा, हे कुठलं शहाणपण?

आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? "त्यांना धडा" म्हणणारे हेच लोक कांद्याच्या वेळी ओरडत होते. १४ सप्टेंबर २०२० ला कांदा निर्यातबंदी एका रात्रीत आली. पेट्रापोलला, घोजाडांगाला आपल्या नाशिकच्या कांद्याचे ट्रक उभे. कांदा ताडपत्रीखाली ओलीने कोंब धरतो, खालच्या गोण्या दाबाने पाझरतात, आणि एक सडला की शेजारचा धरतो. त्याआधी २०१९ च्या बंदीत शेख हसीना दिल्लीत येऊन हसत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय कर म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवा. सगळे हसले. लासलगावात कुणी हसलं नसणार. मग ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान किंमत, ८ डिसेंबरला सरळ बंदी. मे २०२४ ला उठवली ती ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांसकट. सप्टेंबरला किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. तोवर गिऱ्हाइकाने काय करावं? त्याने स्वतःच्या शेतात पेरला, पाकिस्तान-चीनकडून मागवला, आणि आपला कांदा आला की आयात परवाने रोखून धरायला शिकला. आपणच शिकवलं.

तीच सवय, तीच रात्रीची अधिसूचना. कांद्याला लागली तेव्हा अन्याय, सुतळीला लागली तेव्हा धडा?

निदान एवढं तरी. नियम बदला, पण सुटलेल्या मालाला हात लावू नका. व्यापार धोरणातच तरतूद आहे की बंदीआधी बिल ऑफ लेडिंग निघालं असेल, किंवा रद्द न करता येणारी एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली असेल, तर तो माल येऊ द्यावा. पण अधिसूचनेत एक ओळ घालून तीच तरतूद काढून घेता येते. सौदा करताना एलसीची तारीख आणि नोंदणीचा पुरावा आधी फाइलला लावा, हे आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

पाकिस्तानबद्दल इथे लिहीत नाही. तिथे बंदुकीचा विषय आहे, अटारी बंद आहे, आणि त्यावर वाद घालायची आज ताकद नाही. खारीक मात्र दुबई फिरून येत होती हे दाणाबंदरात कुणालाही विचारा.

आणि हो, "नवी मुंबईला काम मिळालं" हे खरंच आहे. त्या पेटीवर आमची फी आहे, सीएफएसचं भाडं आहे, हमालाची मजुरी आहे, करळ फाट्यावरच्या टपरीचा चहासुद्धा आहे. आमचं सगळ्यांचं पोट त्या वळशावर चाललंय. म्हणूनच बोलतोय. वळशाची बिलं आम्हीच करतो, तो कितीला पडतो हे आम्हाला ठाऊक आहे.

क्वेरीला उत्तर गेलंय: सील तोडतानाचे फोटो, दोन्ही बिलं, सिंगापूरच्या एजंटचं पत्र उद्या दुपारपर्यंत येईल म्हणतायत. बाहेर काढलेले गठ्ठे शेडमध्ये ठेवलेत. वरच्या चारांना डाग आहेत, ते वेगळे लावून घेतले. मोफतचे दिवस परवा संपतायत.