सह्याद्री पाऊस अडवत नाही, पाडतो

जून उजाडला की नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं थोडक्यात असं: सह्याद्री ढग अडवतो म्हणून जिल्ह्याच्या पूर्वेकडचे सिन्नर, येवला, नांदगाव कोरडे राहतात, घाटात रुंद खिंड पाडली तर कोकणातला पाऊस थेट मराठवाड्यापर्यंत पोचेल. जोडीला आणखी दोन दावे: मे जितका तापेल तितका पाऊस चांगला, आणि निफाडची थंडी हिमालयातून थेट येते. खाली अर्थातच ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’.

आधी खिंडीचं बघू. समुद्रावरून पाण्याने भरलेले तयार ढग येतात आणि डोंगरापाशी अडकतात, असं काही होत नाही. येतो तो दमट वारा. त्यात बाष्प कितीही असलं तरी हवा वर चढून गार झाल्याशिवाय त्याचा पाऊस होत नाही. हे चढवायचं काम सह्याद्री करतो. म्हणून इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात ७००च्या आसपास आणि येवल्याकडे जेमतेम ५००. जुलैत मुंबईहून गाडीने या. कसारा घाटात वायपर फुल स्पीडवर, घोटीला गुडघाभर चिखलात भाताची आवणी, आणि विल्होळीला पोचेपर्यंत तोच वायपर कोरड्या काचेवर कुरकुरायला लागतो. घाटात पाणी सांडून आलेली हवा पठारावर उतरताना थोडी तापते, ढग विरतात.

डोंगरच नसता तर? कराची बघा. समुद्र तोच, पावसाळ्यात वाराही समुद्रावरूनच, समोर सह्याद्रीसारखी भिंत नाही. तरी तिथे येवल्याच्या निम्मादेखील पाऊस पडत नाही, कारण वाळवंटाकडून आलेली गरम, कोरडी हवा वर झाकणासारखी बसते आणि खालच्या दमट हवेला चढू देत नाही.

आणि खिंडीचा प्रयोग निसर्गाने केव्हाच करून ठेवलाय. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर पालघाटची खिंड सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे. तिच्यातून पावसाळी वारा सुसाट पलीकडे जातो, त्यावर पवनचक्क्या फिरतात. पण खिंडीपलीकडच्या कोईमतूरचा वर्षाचा पाऊस साधारण नाशिकइतकाच, आणि त्यातलाही मोठा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. (समृद्धीचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. त्यातून अजून तरी गाड्याच आल्यात.)

मराठवाड्याला सह्याद्रीचा पाऊस मिळतोच, फक्त नदीतून. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. गंगापूर आणि दारणा ही धरणं भरतात ती त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसावर, आणि तेच पाणी खाली जायकवाडीला जातं. डोंगर काढला तर पाणी सोडण्यावरून दरवर्षी होणारं भांडण मिटेल खरं, पण सोडायला पाणीच उरणार नाही. येवला-नांदगावच्या शेतकऱ्याने नजर ठेवायची ती बंगालच्या उपसागरावर. तिथली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडे सरकली की पूर्व भागात दमदार पाऊस होतो. बाकी भरवसा मृगाच्या आणि हस्ताच्या वळवासारख्या गडगडाटी सरींचा.

मे तापण्याचं गणित अर्धवट खरं आहे. जमीन तापते, हवेचा दाब उतरतो, समुद्रावरची हवा आत येते, हे इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅलेने १६८६ सालीच मांडलं होतं. पण तेवढ्यावर भागत असतं तर सगळ्यात जास्त पाऊस मेमध्येच पडला असता. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ सांगत असत की ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन उलट जास्त तापलेली असते, कारण वर ढगच नसतात. त्यांच्या मते मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा ऋतूप्रमाणे उत्तरेला सरकणं. वारा निघतो दक्षिण हिंदी महासागरातून. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि आपल्याला नैऋत्येचा वाटतो. एवढ्या लांबच्या कारभाराचा अंदाज मालेगावच्या मेमधल्या पाऱ्यावरून बांधता येत नाही.

राहिली निफाडची थंडी. हिमालय तर मध्य आशियातला गारठा अडवतो. आपल्याकडे पारा उतरतो तो पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी ढग-पावसाची प्रणाली) पुढे सरकल्यावर त्यामागून येणाऱ्या उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने आणि निरभ्र रात्रीने. आकाश मोकळं असलं की जमिनीची ऊब रात्रभर निघून जाते. मग पहाटे बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. ढग आले की थंडी पळते, पण तेव्हा डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशी रोगासाठी फवारणीचा पंप काढावा लागतो.