नावाचा तक्ता कुणाच्या ताब्यात?

'अपार' या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती खरोखर ऐच्छिक होती का, कॉलेजच्या वायफायला पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) टाकल्याशिवाय नेट का मिळू नये, वसतिगृहातली मुलं रात्री काय बघतात याची नोंद कुणी का ठेवावी? महाराष्ट्रातले हे वाद मी इथे अमेरिकेत बसून नेमाने वाचतो. त्यांचा सगळा रोख माहिती गोळा करण्यावर असतो. गोळा झालेली माहिती उद्या बाहेरच्या कुणी मागितली तर कुणाच्या सहीने द्यायची, कितपत द्यायची आणि त्या मुलाला आधी सांगायचं की नाही, हा भाग बहुतेक वेळा चर्चेत येतच नाही. अमेरिकन विद्यापीठांना नेमका हाच प्रश्न संगीत कंपन्यांनी घातला होता. त्यातून इथे जे ठरलं ते मराठी वाचकांनी तपशिलात पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. कॅम्पसच्या नेटवर्कला लॅपटॉप जोडला की डीएचसीपी सर्व्हर त्याला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता देतो. त्याची नोंद राहते: पत्ता, यंत्राचा मॅक क्रमांक, मुदत कधी सुरू झाली, कधी संपली. वायफायवर लॉगिन करणाऱ्याचं युजरनेम दुसऱ्या लॉगमध्ये असतं. हे दोन लॉग जोडले की तक्ता तयार होतो: अमुक पत्त्यावर, अमुक मिनिटाला, अमुक व्यक्ती. काझा आणि लाइमवायर या फाइल वाटायच्या जुन्या प्रोग्रामांच्या काळात शेअर केलेलं फोल्डर कुणालाही दिसायचं. आज टॉरंटमध्ये, म्हणजे फाइलचे तुकडे एकमेकांना वाटण्याच्या पद्धतीत, सामील होणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता बाकीच्यांना दिसतो. त्यामुळे कंपन्यांनी नेमलेल्या तपासनिसांकडे पत्त्यांचा ढीग असतो, पण नावं विद्यापीठाच्या तक्त्यातच असतात.

१९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याने कंपन्यांना दोन हत्यारं दिली. एक म्हणजे नोटीस: तुमच्या या पत्त्यावरून आमचं गाणं वाटलं जातंय, ते थांबवा. तिच्यात नाव मागितलेलं नसतं. दुसरं, कलम ५१२(एच) खालचं समन्स. ते नाव मागायचं, आणि त्यावर कोर्टाच्या कारकुनाची सही पुरायची. न्यायाधीशाने कागद बघण्याची गरजच नव्हती.

२००३ च्या जुलैत अशी समन्सं एमआयटी आणि बॉस्टन कॉलेजकडे गेली तेव्हा दोघांनी नावं द्यायला नकार दिला. समन्स वॉशिंग्टनच्या कोर्टाचं होतं आणि विद्यापीठं मॅसॅच्युसेट्समध्ये, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप माझ्या मते जास्त मोलाचा होता. १९७४ च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार विद्यार्थ्याची नोंद समन्सवर देता येते, पण त्याआधी विद्यार्थ्याला कळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, म्हणजे त्याला कोर्टात जाऊन हरकत घेता येते. मिळालेल्या मुदतीत ते शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये फेडरल न्यायाधीशांनी कोर्टाच्या हद्दीचा मुद्दा मान्य केला. डिसेंबरमध्ये व्हेरायझन या इंटरनेट सेवा कंपनीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने त्याहून मोठी गोष्ट सांगितली: जी संस्था फक्त डेटा इकडून तिकडे वाहून नेते, तिला कारकुनाच्या सहीचं हे समन्स लागू होत नाही.

त्यानंतर कंपन्यांना आधी दावा दाखल करावा लागू लागला. दावा 'जॉन डो' या निनावी प्रतिवादींवर, बहुतेक वेळा एका विद्यापीठातले अनेक पत्ते एकाच दाव्यात. मग न्यायाधीशांकडे अर्ज, परवानगी मिळाली की समन्स, नाव हाती आलं की तडजोडीचं पत्र. वाट लांब झाली, खर्च वाढला आणि मध्ये एक न्यायाधीश आला. एवढ्याने काही मुलांना खोट्या आरोपांपासून पूर्ण संरक्षण मिळालं असं नाही, पण हरकत घ्यायला जागा तरी झाली.

ही वाट टाळण्यासाठीच २८ फेब्रुवारी २००७ ला आरआयएए या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १३ विद्यापीठांकडे ४०० पत्रं पाठवली आणि ती विद्यार्थ्यांना पोहोचवा असं सांगितलं. साधारण ३,००० डॉलर भरा, नाहीतर दावा लावू, असा मजकूर. वेबसाइटवर क्रेडिट कार्डाने मिटवायची सोय होती. विशीतली मुलं का भरत होती हे समजायला कायद्यातले आकडे पाहा: एका गाण्यामागे ७५० ते ३०,००० डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,००० पर्यंत. बॉस्टन विद्यापीठातला एक विद्यार्थी मागे हटला नाही. २००९ मध्ये ज्यूरीने ३० गाण्यांसाठी त्याच्यावर ६,७५,००० डॉलर बसवले. न्यायाधीशांनी रक्कम दशांशावर आणली, अपिलांमध्ये ती पुन्हा पूर्ववत झाली. एवढा धाक समोर असताना ३,००० डॉलर भरणं म्हणजे गुन्ह्याची कबुली होती असं मी मानत नाही.

विस्कॉन्सिन-मॅडिसनने कळवलं की वैध समन्स असेल तरच बोला, तुमची पत्रं पोहोचवणं हे आमचं काम नाही. ओरेगनमध्ये तर राज्याचे अॅटर्नी जनरलच विद्यापीठाच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. त्यांचा एक मुद्दा साधा होता आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कुणालाही लगेच पटेल असा. १७ पत्त्यांपैकी काही दोन मुलांच्या खोल्यांतले होते. तक्ता खोलीपर्यंत नेतो; दोघांपैकी कोण, हे तो सांगत नाही. ते शोधायचं तर विद्यापीठालाच चौकशी करावी लागणार, म्हणजे फिर्यादीसाठी पोलिसाचं काम करावं लागणार.

तक्ता चुकतो कुठे, हे जरा जवळून पाहू, कारण आपल्याकडे 'लॉग खोटं बोलत नाही' असं फार सहज म्हटलं जातं. नोटिशीतली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. कॅम्पसचा लॉग स्थानिक वेळेत असेल आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे गेलेली असतील, तर शोधणारा एका तासाने चुकतो आणि तोवर तोच पत्ता दुसऱ्याला गेलेला असू शकतो. दुसरी अडचण नॅटची, म्हणजे एकच पत्ता अनेकांत वाटून देण्याच्या सोयीची. शेकडो यंत्रं एका सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यांना वेगळं करणारा फक्त पोर्ट क्रमांक असतो. नोटिशीत पोर्ट नसेल किंवा फायरवॉलने त्याची नोंद ठेवली नसेल, तर नाव निघत नाही, आणि घाईत काढलंच तर चुकीचं निघतं. खोलीत कुणी स्वतःचा राउटर लावला तर सगळ्या सोबत्यांचे उद्योग त्या एकाच्या नावावर जमा होतात. आणि मुळात नोटीसच चुकीची असेल तर? २००८ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरंटच्या ट्रॅकरला (फाइल कोण कोण वाटतंय याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला) दुसऱ्या यंत्राचा पत्ता कळवता येतो आणि तपासनीस तो न पडताळता नोटीस काढतात. त्यांच्या कॅम्पसवरच्या प्रिंटरांना अशा नोटिसा आल्या, ज्या प्रिंटरांनी एकही फाइल उतरवली नव्हती की वाटली नव्हती.

२००८ च्या डिसेंबरात संघटनेने सरसकट दावे थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर पाच वर्षांत सुमारे ३५,००० लोकांवर, विद्यार्थी आणि इतर मिळून, कारवाई झाली होती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणाच्या कायद्यात नवं बंधन आलं: केंद्राची शिष्यवृत्ती आणि कर्जं हवी असतील तर विद्यापीठाने चाचेगिरीविरुद्ध लेखी आराखडा करायचा, त्यात एक तरी तांत्रिक उपाय ठेवायचा, दरवर्षी विद्यार्थ्यांना दंडाची माहिती द्यायची. हा कायदा घडत असताना चित्रपट कंपन्या सांगत होत्या की त्यांच्या देशांतर्गत नुकसानीतला ४४ टक्के वाटा कॉलेजातल्या मुलांचा आहे. जानेवारी २००८ मध्ये त्यांनीच मान्य केलं की हिशेब चुकला, आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आहे. कायदा मात्र पुढे गेला. त्याच सुमाराला त्यांनी विद्यापीठांना नेटवर्कवर नजर ठेवणारं एक मोफत सॉफ्टवेअर वाटलं. तपासणाऱ्यांना आढळलं की मूळ मांडणीतच ठेवलं तर त्याची आकडेवारी कॅम्पसबाहेरच्यांनाही बघता येते. बाहेरच्याच्या सोयीचं साधन आपल्या नेटवर्कवर लावताना हे प्रकरण प्रत्येक कुलसचिवाने आठवावं.

आज इथे बहुतेक ठिकाणी काम कसं चालतं ते सांगतो. नोटीस एका ठरलेल्या ईमेलवर येते, शेवटी एक्सएमएलचा तुकडा असतो: पत्ता, पोर्ट, वेळ, फाइलचं नाव. एक स्क्रिप्ट तो वाचते आणि तक्त्याशी ताडते. जुळलं तर विद्यार्थ्याला विद्यापीठच कळवतं. पाठवणाऱ्याला नाव जात नाही. नोटिशीत पैशांची मागणी असेल तर काही विद्यापीठं तो भाग काढून मगच ती पुढे देतात. पहिल्या वेळी ताकीद आणि एक छोटी प्रश्नावली, दुसऱ्यांदा काही दिवस नेट बंद, तिसऱ्यांदा शिस्तपालन समिती. वारंवार उल्लंघन करणाऱ्याची सेवा बंद करण्याचं धोरण असेल तरच विद्यापीठाला डीएमसीएचं संरक्षण मिळतं, त्यामुळे असे टप्पे सहसा टाळले जात नाहीत. लॉग किती दिवस ठेवायचे याचं केंद्रीय बंधन मात्र इथे नाही. ३० किंवा ९० दिवसांनी ते पुसणं हा विद्यापीठाचा निर्णय असतो, आणि खाजगीपणाचं सगळ्यात भक्कम कुलूप तेच आहे. जे ठेवलेलंच नाही, ते कुणी मागू शकत नाही.

महाराष्ट्रातून इथे शिकायला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. टॉरंट फाइल उतरवताना तिचे तुकडे आपोआप इतरांना पाठवतो, म्हणजे 'मी फक्त डाउनलोड केलं' हा बचाव लंगडा आहे. घरून आणलेल्या लॅपटॉपवर टॉरंटचा प्रोग्राम विंडोज सुरू होताच चालू होतो आणि जुनी यादी पुढे वाटू लागतो. नुसती फाइल पुसून भागत नाही, प्रोग्रामच काढा. नोटीस आलीच तर त्यातली वेळ यूटीसीवरून इथल्या वेळेत करून पाहा, आपण त्या वेळी कुठे होतो ते नोंदवा, कुठल्याही लिंकवर पैसे भरू नका आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा साहाय्य कक्षात जा. प्रकरण निलंबनापर्यंत गेलं तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाची पूर्णवेळ नोंदणी तुटते आणि इथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. अमेरिकन सोबत्यासाठी तीच शिक्षा एक वाया गेलेलं सत्र असते.

आता घरचं. भारतात विद्यार्थ्यांवर गाण्यांसाठी सरसकट दावे झाले नाहीत. आपल्याकडचे गाजलेले खटले दिल्ली विद्यापीठाजवळच्या फोटोकॉपीच्या दुकानावरचे किंवा शोधनिबंध फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळावरचे. फोटोकॉपीच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, आणि त्यामुळे 'आपला कायदा मुलांना सांभाळून घेतो' अशी एक समजूत पसरली. ती अर्धवट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. तपासात कागद मागवायला नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ९४ आहे, ज्याखाली ठाणे अंमलदाराचा लेखी आदेश पुरतो. अमेरिकेने २००३ मध्ये कारकुनाची सही अपुरी ठरवली. आपल्याकडे न्यायाधीशाशिवाय नाव मिळण्याची वाट आजही सरळ आहे.

त्यात सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक केलं, सरकारी संस्थांनाही. म्हणजे ३० दिवसांत पुसण्याचं कुलूप त्यांना उपलब्ध नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मदतीला येईल असं अनेकांना वाटतं, पण गुन्ह्याचा तपास आणि कायदेशीर हक्काची अंमलबजावणी या दोन्हींना त्याच्या कलम १७ मध्ये बहुतेक बंधनांतून सूट आहे. विद्यार्थ्याला आधी कळवा, असं फेर्पासारखं वाक्य त्यात नाही.

कलाकाराला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, यावर माझ्या मनात शंका नाही. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळावा म्हणून २०१२ ची दुरुस्ती झाली ती योग्यच झाली. पण चोरी थांबवायला नाव उघड करावं लागत नाही, हे इथल्या रोजच्या नोटिशींच्या कामातून दिसतं. विद्यापीठ मधे उभं राहून मुलाला थांबवतं आणि वाटप थांबतं.

म्हणून कायदा बदलण्याची वाट न बघता आपल्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांनी एक ठराव करावा. पत्ता आणि नाव यांचा तक्ता वेगळ्या सर्व्हरवर, आणि कोणती संकेतस्थळं पाहिली याच्या नोंदी त्याला जोडू नयेत. कायद्याने घातलेली मुदत संपताच तो आपोआप पुसला जावा, कुणाच्या आठवणीवर सोडू नये. उघडायला कुलसचिव आणि नेटवर्क प्रमुख अशा दोघांच्या सह्या. फोनवरून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या मागणीला उत्तर नाही, कलम आणि गुन्हा क्रमांक असलेला लेखी आदेशच हवा. वेळ आणि पोर्ट नसेल तर 'ओळख पटत नाही' असं लेखी कळवावं, अंदाजाने नाव देऊ नये. दिलं तर नाव तेवढंच. मोबाइल, खोली, पालकांचा पत्ता नाही. आदेशात मनाई नसेल तर विद्यार्थ्याला त्याच दिवशी ईमेल. आणि वार्षिक अहवालात दोन आकडे: किती मागण्या आल्या, किती परत पाठवल्या. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यासाठी सगळ्याच संस्थांना आपले लॉग आणि नोंदवह्या तपासाव्या लागणार आहेत. हा ठराव त्याच बैठकीत घेता येईल.